मामंजींचा अबोला

त्या घरातल्या पुरुषांना राग आला की ते ओरडत नसत, आदळआपट करत नसत, भरल्या ताटावरून उठतही नसत. ते बोलायचे बंद होत. एकदा बंद झाले की महिने, वर्षं, प्रसंगी जन्मभर बंद राहत. बाहेरच्या कुणीही याला सरळ रुसणं म्हटलं असतं. घरात मात्र त्याला ‘शिस्त’ म्हणत, आणि ही शिस्त लष्करातून आली आहे असं आल्यागेल्याला छाती फुगवून सांगत.

हे ऐकतच तक्रारबाईंचा सगळा संसार झाला. तक्रारबाई हे त्यांचं कचेरीतलं नाव. शहराच्या पाणीपुरवठा कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर त्या निवृत्त होईपर्यंत बसल्या. नळाला पाणी नाही, पाण्याला वास येतो, मीटर उलटं फिरतं. लोक दिवसभर जाळीला तोंड लावून त्यांच्या अंगावर ओरडत. संध्याकाळी घरी यावं तर सासरे आणि नवरा समोरासमोरच्या खुर्च्यांत तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेले. दोन्हींतलं बरं कोणतं असं कुणी विचारलं असतं, तर बाईंनी डोळे मिटून कचेरी सांगितली असती. ओरडणाऱ्याला काय हवंय ते निदान कळतं.

सासऱ्यांना त्या मामंजी म्हणत. मामंजींनी तरुणपणी दूर डोंगरावरच्या एका लष्करी चौकीत एक हिवाळा काढला होता. तिथे बर्फ पडायला लागलं की वाटा बंद होत आणि चौकीवरची पाच माणसं उन्हाळ्यापर्यंत एकमेकांची तोंडं बघत बसत. मामंजींचा लष्करातला पराक्रम काय तो एवढाच. पण त्यांच्या मुलाला तो जन्मभर पुरला. त्याच्या तोंडून ऐकावं तर सबंध हिवाळा मामंजींनी तोंडातून शब्द काढला नव्हता. का, तर शत्रूला चाहूल लागू नये म्हणून. आणि त्यामुळेच चौकी वाचली. घरात मामंजींना ‘सुभेदार’ म्हणत. स्वतः मामंजी यातलं काही सांगत नसत. पण कुणी सांगायला लागलं तर खोडूनही काढत नसत. मूग गिळून खिडकीबाहेर बघत राहत.

या शूर बापाचा आणि त्याच्या मुलाचा अबोला कशावरून झाला होता? रेडिओचं बटण कुणी तोडलं यावरून. बटण मिळालं, रेडिओ दुरुस्त झाला, पुढे तो भंगारातही गेला, अबोला तसाच. मध्ये निरोप्या म्हणून सूनबाई.

“सूनबाई, त्याला सांग, दार ओढून घे,” मामंजी म्हणत. दार मुलाच्या हाताशी असे आणि त्याचे कान धडधाकट असत.

“त्यांना सांग, उकडतंय,” मुलगा म्हणे.

आणि बाई खरोखरच हे वाक्य इकडून तिकडे नेत. सुरुवातीला त्यांना हसू यायचं. मग राग यायला लागला. मग फक्त तुच्छता उरली, आणि ती सवयीची झाली. मामंजींच्या शेवटच्या दुखण्यात दवाखान्यातल्या खाटेपाशी मुलगा पाण्याचा पेला हातात घेऊन उभा होता. मामंजी पुटपुटले, “सूनबाई, त्याला सांग, पाणी दे.” बाईंनी सांगितलं. मुलाने पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी मामंजी गेले. माणसं काय काय जपून ठेवतात आणि काय वाऱ्यावर सोडतात, याचा बाईंना त्या दिवशी मनापासून किळस आला.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मामंजी गेले आणि त्यांची खुर्ची नवऱ्याने घेतली. आता गुन्हेगार कोण, तर पोटची लेक. पाहुणे जेवायला बसलेले असताना सुभेदारांची कथा रंगली, आणि लेक हसत हसत म्हणाली, “बाबा, पण आजोबा नक्की कुठल्या लढाईत होते हो? शाळेच्या पुस्तकात तर ती लढाईच नाही.” पाहुणेही हसले. झालं! राईचा पर्वत व्हायला एवढं पुष्कळ होतं. त्या संध्याकाळपासून चार वर्षं त्या गृहस्थाने मुलीशी एक शब्द उच्चारला नव्हता. तिच्या लग्नात उभा राहिला तो भाड्याने आणलेल्या माणसासारखा. नातू झाला तेव्हा म्हणाला, “तिला सांग, बाळाला सांभाळ.” लेक समोरच बसली होती, बाळाला मांडीवर घेऊन.

आता जावयाला परदेशात नोकरी लागली होती. महिन्याभरात बिऱ्हाड हलणार होतं. लेकीने आईला स्वच्छ सांगितलं, “आई, निघायच्या आधी बाबा माझ्याशी बोलले तर बोलले. नाहीतर या घराचा उंबरा मी पुन्हा चढणार नाही. तुला भेटायचं असेल तर तू ये.” लेक बोलल्याप्रमाणे करणारी होती. तेवढा एक गुण तिने आजोळाकडून आणला होता.

बाईंनी निरोप पोचवला. नवऱ्याने चष्मा पुसला.

“तिला सांग, आधी माफी माग. माझ्या वडलांच्या नोकरीची चेष्टा केलीय तिने.”

लेक म्हणाली, “पुरावा दाखवा, पाया पडून माफी मागते.”

तेव्हा बाईंनी ठरवलं की आता या सुभेदारीचा छडा लावायचाच. खरं निघालं तर लेक माफी मागेल, खोटं निघालं तर नवऱ्याला खाली यावं लागेल. काहीही निघो, दोघांतलं कुणीतरी बोलेल. नवरा तर एकदम खूश झाला. त्याने मामंजींचा गणवेशातला फोटो स्वतः भिंतीवरून काढला, टॉवेलमध्ये गुंडाळला आणि बाईंच्या पिशवीत ठेवला. “जा, जा. लोकांना कळू दे,” म्हणाला. स्वतः मात्र गेला नाही. वडलांवर एवढी भक्ती असलेल्या माणसाला चार वर्षांत लष्कराच्या दप्तर-कचेरीची पायरी चढावीशी वाटली नव्हती, हे बाईंनी मनात नोंदवून ठेवलं.

लष्कराची जुनी दप्तरं ठेवण्याची कचेरी दुसऱ्या शहरात होती. तिथला कारकून म्हणजे बाईंच्या दृष्टीने घरचंच माणूस. खिडकीमागे बसून माणूस कसा टाळायचा याची सगळी शास्त्रं बाईंनी स्वतः आयुष्यभर वापरली होती. तो म्हणाला, “साहेब रजेवर आहेत.” बाई म्हणाल्या, “साहेबांची सही लागत नाही, चावी लागते. ती तुमच्या खिशात आहे.” तो म्हणाला, “उद्या या.” बाईंनी डबा काढला आणि त्याच्यासमोरच्या बाकावर बसून जेवायला सुरुवात केली. जेवून झाल्यावर विणकाम काढलं. चहाच्या सुटीनंतर मामंजींची फाईल आली.

पहिलं जे दिसलं त्याने बाईंना हसूच फुटलं. सुभेदार कसले नि काय! मामंजी साधे शिपाई म्हणून लागले आणि साधे शिपाई म्हणूनच सुटले. बडा घर पोकळ वासा. शत्रूचा तर त्या हिवाळ्यात कुठे मागमूस नव्हता. पलीकडची चौकीसुद्धा बर्फामुळे खाली गेलेली. पण पुढे एक शाबासकीचा शेरा होता, आणि तो वाचून बाईंचा चेहरा उतरला. चौकीखालच्या वाटेवर बर्फाचा कडा कोसळून एक जण दगावला, त्या वेळी मामंजी पहाऱ्यावर होते. लोंबत्या बर्फाखाली आवाज करायचा नाही हा नियम त्यांनी बिकट प्रसंगीही पाळला, म्हणून वरिष्ठांनी त्यांची पाठ थोपटली होती.

बाईंनी घरी फोन लावला. नवऱ्याला एकदम कंठ फुटला.

“बघ! मी काय सांगत होतो? गप्प राहिले म्हणून शाबासकी. सरकारी शाबासकी! तिला सांग, म्हणावं, आता तरी शहाणी हो.”

“सुभेदार नव्हते ते. शिपाई होते.”

“ते सोड. मुद्दा गप्प राहण्याचा आहे.”

दुसरी एखादी बाई इथे थांबली असती. लेकीने माफी मागितली असती, बाप बोलला असता, काम फत्ते. पण तक्रारबाईंच्या डोक्यात एक किडा वळवळत होता. मामंजींना त्या ओळखत होत्या. नियमासाठी गप्प बसणारं ते माणूस नव्हतं. आपल्या मानापानासाठी गप्प बसणारं होतं. त्यांनी फाईल कारकुनाकडे सरकवली आणि विचारलं, “त्या चौकीवरचं अजून कुणी पेन्शन घेतंय का?”

कारकुनाने विणकामाकडे एक नजर टाकली आणि मुकाट्याने पत्ता काढून दिला.

एक म्हातारा जिवंत होता. गॅरेजच्या वरच्या मजल्यावर एका खोलीत राहत होता. खालून हातोड्याचे आवाज येत होते आणि वर हा गृहस्थ खाटेवर बसून पायांवर गोधडी घेऊन घडाघडा बोलत होता, कारण त्याला ऐकणारं कुणी फार दिवसांनी मिळालं होतं. बाईंनी टॉवेल सोडून फोटो पुढे केला. म्हाताऱ्याने तो नाकाशी धरला आणि परत ढकलला.

“हा? हा माझ्याशी बोलत नव्हता.”

“तुमच्याशी? शत्रूला चाहूल लागू नये म्हणून कुणाशीच बोलत नव्हते ना?”

“कुठला शत्रू, बाई? तिथे कुत्रं फिरकत नव्हतं. इतरांशी पोपटासारखा बोलायचा. माझ्याशी नाही. मोज्यावरून.”

“मोज्यावरून?”

“त्याने शेगडीवर मोजा वाळत घातला होता. तो जळाला. तो म्हणे मी सरकवला. मी कशाला सरकवू? मी हातसुद्धा लावला नव्हता त्या मोज्याला! बरं, तो बोलत नाही तर मी कशाला बोलू? मी काय त्याच्या बापाचं खातो?”

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. घरातली ‘शिस्त’ कुठून आली ते आता कळलं होतं: एका जळक्या मोज्यातून. म्हातारा मात्र रंगात आला होता. दोघांची खाट शेजारी, पहारा एकापाठोपाठ एक, आणि बोलणं नाही. मग निरोप कोण न्यायचं? तर चौकीचा आचारी. भला माणूस होता, म्हातारा म्हणाला. तिघा पोरांचा बाप. पोळ्या लाटता लाटता उठून यायचा. ‘त्याला सांग, तुझी पाळी झाली.’ ‘त्याला सांग, घोरू नको.’ आचारी हसायचा, शिव्या द्यायचा, पण न्यायचा निरोप.

“आणि कडा कोसळला तेव्हा?” बाईंनी विचारलं.

खाली कुणीतरी पत्रा ठोकत होतं.

“मी रॉकेल आणायला खालच्या कोठाराकडे निघालो होतो. हा वर पहाऱ्यावर. त्याला वरून दिसलं की माझ्या डोक्यावरच्या बर्फाला भेग गेलीय. मी काही लांब नव्हतो. हाक मारली असती तर ऐकू आली असती. पण मला हाक कशी मारणार? मग अबोला मोडला असता ना! हा पहारा सोडून खाली उतरला, स्वयंपाकाच्या खोलीत गेला, आणि आचाऱ्याला म्हणाला, ‘त्याला सांग, परत फीर.’”

“मग?” बाईंनी विचारलं.

“आचारी धावत सुटला माझ्यामागे. मी वळणापलीकडे खडकाच्या आडोशाला विडी ओढत बसलो होतो. मला काही झालं नाही. कडा आला तो त्याच्यावर. आम्ही उकरून काढला तेव्हा हाताला कणीक तशीच होती.”

“पण आवाज करायचा नाही असा नियम होता म्हणे. त्याची शाबासकी मिळालीय.”

म्हातारा खो खो हसला आणि हसता हसता खोकला. “तसं त्याने साहेबांना सांगितलं. नियम होता, पण पाळत कोण होतं? आचारी रोज सकाळी त्याच वाटेच्या तोंडाशी उभा राहून चहाची आरोळी ठोकायचा. सगळा डोंगर दणाणायचा. कधी चिमूटभर बर्फ पडलं नाही.”

“तुम्ही सांगितलं नाही साहेबांना?”

“मला कुणी विचारलं नाही. आणि विचारलं असतं तर त्याचं नाव घ्यावं लागलं असतं.”

“मग त्यानंतर तरी बोललात का दोघं? उरलेला हिवाळा?”

“छे! त्यानंतर वायरलेसवाला न्यायचा निरोप.” म्हाताऱ्याने गोधडी पायांवर नीट केली. “पण बाई, एक सांगतो, घरी जाऊन सगळ्यांना सांगा. मोजा मी जाळला नव्हता.”

बाई उठल्या. एवढी वर्षं त्यांना वाटत होतं की आपण एका हास्यास्पद घरात पडलो. हास्यास्पद! एका माणसाचा जीव गेला होता, आणि हे म्हातारं अजून मोज्याची फिर्याद घेऊन बसलं होतं. दारात वळून त्यांनी विचारलं, “त्या आचाऱ्याच्या पोरांचं काय झालं?” म्हाताऱ्याला ठाऊक नव्हतं. त्याने कधी चौकशी केली नव्हती. मामंजींनीही केली नसणार. मामंजींनी रेडिओच्या बटणाची चौकशी केली होती.

घरी आल्यावर बाईंनी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. नवऱ्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं, मोज्यापासून कणकेपर्यंत. आवाज चढवला नाही, पण एक अक्षर गाळलंही नाही. तो ऐकत होता. मधेच म्हणाला, “बर्फाखाली ओरडायचं नसतं.”

“आचारी रोज ओरडायचा.”

“म्हातारा खोटारडा असेल.”

“असेल. पण दवाखान्यात मी होते ना? हातात पेला घेऊन उभ्या असलेल्या मुलाला ‘त्याला सांग, पाणी दे’ म्हणणारा माणूस मी माझ्या कानांनी ऐकलाय. त्याने डोंगरावर काय केलं असेल हे सांगायला मला कुणाची साक्ष नको.” बाईंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “मला तुमच्या घराण्याची लाज वाटते. तुमच्या वडलांची वाटते आणि तुमची त्याहून जास्त वाटते, कारण अबोल्याने काय होतं ते त्यांना आधी कुणी सांगितलं नव्हतं, तुम्हाला मी आत्ता सांगितलं. मंगळवारी लेक निघतेय. तिला हाक मारा. स्वतःच्या तोंडाने.”

नवऱ्याने फोटो टॉवेलातून काढला, भिंतीवर सरळ टांगला, आणि खुर्चीत जाऊन बसला. त्या क्षणापासून तो बाईंशीही बोलायचा बंद झाला.

पालथ्या घड्यावर पाणी! बाईंना आश्चर्यही वाटलं नाही. त्या आपलं काम करत राहिल्या. पण या वेळी एक अडचण होती आणि ती त्या गृहस्थाच्या हळूहळू लक्षात येऊ लागली. घरात तिसरं माणूसच नव्हतं. ‘तिला सांग’ म्हणायचं तर कुणाला म्हणायचं? तो चहासाठी खाकरायचा. बाई पेपर वाचायच्या. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन डब्यांकडे बघत उभा राहायचा. बाई म्हणायच्या, “काय हवंय?” तो परत जायचा. पुढे त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. नवी पाकिटं कुठे असतात हे त्याला ठाऊक नव्हतं; गोळी आजवर त्याच्या तळहातावर आपोआप येत असे. त्याने खण उघडले, कपाट उघडलं, गाद्यांखालीसुद्धा पाहिलं. बाई शिलाई मशीनवर पडद्याला टीप घालत होत्या आणि मशीन थांबवत नव्हत्या. त्याने तोंड उघडून विचारलं असतं तर त्याच क्षणी उठून दिल्या असत्या.

सोमवारी दुपारी त्याने फोन उचलला.

बाईंनी मशीनवरून मान वर केली. पलीकडून लेकीचा आवाज आला, “हॅलो? आई?”

“मी बोलतोय,” नवरा म्हणाला.

लेक म्हणाली, “बाबा?” आणि तिचा आवाज फुटला. “बाबा, तुम्ही... बाबा, कसे आहात?”

बाई उभ्या राहिल्या. चार वर्षं ज्यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं होतं ते त्यांच्या डोळ्यांदेखत होत होतं. त्यांचे डोळे भरून आले. क्षणभर त्यांना वाटलं, चुकलं आपलं, फार बोललो आपण, माणूस अखेर वितळला.

नवरा घसा साफ करून म्हणाला, “तुझ्या आईला विचार, माझ्या गोळ्या कुठे ठेवल्यात.”

लेक रडत होती आणि हसतही होती. “हो बाबा, विचारते, लगेच विचारते, आईला द्या ना फोन.” नवऱ्याने बाईंकडे न बघता हात लांब करून फोन पुढे धरला. बाईंनी तो घेतला.

“आई! अगं, बाबा बोलले माझ्याशी! ऐकलंस ना? थांब, ते विचारतायत, त्यांच्या गोळ्या—”

“नेऊ नकोस,” बाई म्हणाल्या.

“काय?”

“त्यांचा निरोप माझ्याकडे आणू नकोस. माझा त्यांच्याकडे नेऊ नकोस. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी आहे. फोन ठेव आणि तुझी बॅग भर.”

“आई, असं काय करतेस? चार वर्षांनी बोलले गं ते माझ्याशी!”

“तुझ्याशी नाही बोलले, बाळ,” बाई म्हणाल्या. “तुला कामाला लावलं.”